कामिनीची चौकशी

रतिलालभाऊ पाटलांच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकलंय, असा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. माणूस म्हणाल तर सोन्यासारखा. कुणाची मोटर बिघडली, कुणाचा पंप हवा धरून बसला, की जेवत्या ताटावरून उठून जाईल. पण शाब्बास म्हणायची वेळ आली की याची दातखीळ बसते. पोरगी भूमिका बारावीला कॉलेजात पहिली आली तेव्हा 'ठीक शे'. केळीचा घड एकट्याला उचलेना इतका भरला तेव्हाही 'ठीक शे'. बायकोच्या, म्हणजे शांतीबाईंच्या, हातच्या जेवणाला तर तेवढंही नाही. दुसऱ्यांदा भाजी मागितली की आवडली असं समजायचं.

यात माणूसघाणेपणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हा कारखान्याचा संस्कार. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते हेल्पर म्हणून चिकटले, बॉयलरची परीक्षा पास झाले आणि शेवटी मेंटेनन्सचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. गाळप हंगाम सुरू झाला की तिथे एकच नियम, चालत्या मशिनला चांगलं म्हणायचं नाही. मिल कशी चाललीय असं कुणी विचारलं तर 'चाललीय कशीतरी'. एका नव्या केमिस्टने एकदा 'यंदा काय झकास चाललंय' म्हटलं आणि संध्याकाळी टर्बाइन बसलं. त्या बिचाऱ्याला पुढे हंगामभर कुणी चहा विचारला नाही. चांगल्याला नजर लागते, म्हणून जितकं चांगलं तितकी त्याला नावं ठेवायची. हसू नका, तान्ह्या लेकराला 'काळं बेंद्रं' म्हणणाऱ्या सगळ्या घरांत हेच चालतं.

अशा या माणसावर एके दिवशी कामिनीच्या चौकशीला उत्तर द्यायची पाळी आली.

कामिनी त्यांच्याच गल्लीतली. वडील ती शाळेत असतानाच गेले. आई कमलबाई अंगणवाडीत सेविका. पोरीने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि कारखान्यात रतिलालभाऊंच्या हाताखाली ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागली. इंजिनिअरिंग खात्यातली पहिली बाई. चार हंगाम तिने तिथे काढले. रतिलालभाऊ निवृत्त झाले तरी तिला कायम करायचं नाव कुणी काढेना, तेव्हा ती न्यूझीलंडला गेली. तिथे एका वर्षाचा कोर्स केला. कोर्स संपल्यावर इंजिनिअरचं काम शोधायला म्हणून सरकार व्हिसा देतं, तो घेऊन ती थांबली होती.

थांबली होती म्हणजे सफरचंदं पॅक करत होती. पट्ट्यावरून सफरचंदं येतात, डागी बाजूला काढायची, चांगली खोक्यात भरायची. सुट्टी झाली की बसमध्ये बसून अर्ज करायचे. सुरुवातीला तिने आपल्याकडच्यासारखा बायोडाटा पाठवला. वर फोटो, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही. तिथल्या एका पोरीने तो पाहून कपाळाला हात लावला. ते सगळं काढलं. कुणी म्हणालं नाव छोटं कर, 'कॅमी' असं लिही. ते मात्र तिने केलं नाही. एवढं करून जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, इथला अनुभव आहे का? म्हणजे पोहता येत नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. दर रविवारी ती कमलबाईंना फोन करायची आणि 'चाललंय' म्हणायची. शिष्या कुणाची ते आलंच लक्षात.

व्हिसा संपत आला तेव्हा एका दूध पावडरच्या कारखान्याने तिला बोलावलं. ऊस काय नि दूध काय, वाफेवर आटवायचंच ना! बॉयलर तोच, वाफ तीच, पंप तेच. मुलाखत झाली आणि चांगली झाली. आता एकच राहिलं होतं. तिच्या आधीच्या साहेबाला फोन करून ते तिच्याबद्दल विचारणार होते. तिकडची रीतच तशी, माणूस घेण्याआधी जुन्या साहेबाचा शब्द घेतात. हे जमलं तर नोकरी, नोकरी मिळाली तर पुढचा व्हिसा. नाही जमलं तर महिन्याभरात चंबूगबाळं आवरून परत.

"काका, तुमचं नाव दिलंय," ती फोनवर म्हणाली. "हेलन नावाच्या बाई फोन करतील. घाबरू नका, हळू इंग्रजीत बोलतात."

"मी कसाले घाबरू?" रतिलालभाऊ म्हणाले आणि त्या क्षणापासून घाबरले.

घाबरायचं कारण इंग्रजी नव्हे. बॉयलरची इंग्रजी पुस्तकं त्यांनी पाठ केली होती, इन्स्पेक्टरसाहेबांशी इंग्रजीतूनच बोलायचे. पण एका पोरीचं पुढचं सगळं आपल्या दोन शब्दांवर लटकलंय, हे त्यांना पेलवेना. आयुष्यात एकदाच असं झालं होतं, भूमिकाच्या लग्नाच्या वेळी. त्यामुळे त्यांच्या डोक्यात आपोआपच हे सगळं तसं बसत गेलं. तिकडचे लोक म्हणजे मुलाकडचे. हेलनबाई चौकशीला येणार. आपण मुलीकडचे. आपल्यामुळे पोरीला कमीपणा येता कामा नये.

फोन यायचा त्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. घरात नेटवर्क धड नसतं म्हणून गच्चीवर खुर्ची टाकून बसले. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, वाऱ्यासरशी घशात खवखव. अनोळखी नंबर उचलायचा नाही ही त्यांची सवय, कारण गावात दोघांना ओटीपीवाल्यांनी धुऊन काढलं होतं. त्या सवयीने पहिल्यांदा रिंग वाजली तेव्हा त्यांनी चक्क फोन कापला. कापल्यावर लक्षात आलं.

"आयकतस का? तोच व्हता ना तो?" जिन्यातून शांतीबाई ओरडल्या.

देवाची कृपा, फोन पुन्हा वाजला. हेलनबाईंचा आवाज खरंच गोड होता. कामिनीला किती काळ ओळखता, ती काय काम करायची, वेळेवर यायची का. रतिलालभाऊंनी सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी विचारलं, तिच्या कामाबद्दल तुमचं मत काय?

आणि इथे रतिलालभाऊ मुलीकडचे झाले. आपल्याकडे लेकीची पाठवणी करताना बाप काय म्हणतो? माझी पोर हुशार, कामाची वाघीण, असं म्हणणारा बाप कुणी पाहिलाय? तो हात जोडतो आणि म्हणतो, लेकरू अजाण आहे, चुकलंमाकलं तर पोटात घाला. तेच सगळं रतिलालभाऊंनी त्यांच्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हटलं. तिला अजून पुष्कळ शिकायचं आहे. तिच्या हातून चुका होतील, तुम्ही माफ करा. स्वभावाने जरा हट्टी आहे, पण तुम्ही मोठी माणसं आहात, सांभाळून घ्या.

पलीकडे कीबोर्डवर काहीतरी टाइप केल्याचं ऐकू आलं.

"शेवटचा प्रश्न," हेलनबाई म्हणाल्या. "संधी मिळाली तर तुम्ही तिला पुन्हा कामावर घ्याल का?"

हा प्रश्न ऐकून रतिलालभाऊ दचकलेच. काय अभद्र बोलते ही बाई! पोर अजून उंबरा ओलांडून आत गेली नाही, आणि ही माहेरी परत येण्याच्या गोष्टी करते. त्यांनी अगदी ठासून सांगितलं, "नाही, नाही. कधीच नाही. तिने इथे परत येऊ नये."

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "तुम्ही अगदी स्पष्ट बोललात." आणि फोन ठेवला.

रतिलालभाऊ खाली आले ते छाती फुगवून. शांतीबाईंनी चहा दिला, तो त्यांनी फुर्रकन संपवला. लागलीच कामिनीला फोन लावला. तिची पॅकहाउसमधली चहाची सुट्टी होती, मागे पट्ट्याचा घरघर आवाज येत होता.

"व्हई गयं, माय," ते म्हणाले. "काही काळजी करू नको. मी आख्खं सांगं." आणि काय काय सांगितलं ते एकेक करून तिला ऐकवलं. शेवटचंही ऐकवलं.

पट्ट्याची घरघर तेवढी येत राहिली. नेटवर्क गेलं असं वाटून त्यांनी दोनदा हॅलो केलं.

"परत घेणार नाही म्हणालात, काका?" कामिनीने विचारलं.

"मग? हाई काय इचारनं व्हयनं का? असं अभद्र कोनी इचारस?"

"बरं काका," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास दिला. ठेवते." तिचा आवाज अगदी सपाट होता. बॉयलरमधली वाफ उतरली की मशीनचा आवाज असा होतो, हे रतिलालभाऊंना ऐकता ऐकता जाणवलं, पण कारण कळेना.

कारण संध्याकाळी चालत घरी आलं. कमलबाई अंगणवाडी बंद करून थेट त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या. पदर तोंडाशी. शांतीबाईंनी पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत.

"भाऊ, तुमले काई सांगू नको म्हनस ती," कमलबाई म्हणाल्या. "मोठा मानूस शेतस, वाईट वाटी म्हने. पन मी माय शे, मन्हाघाई ऱ्हावात नही. तुम्ही बोलनात त्यानं तठे वाईट व्हयनं."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं, जसं कामिनीने त्यांना सांगितलं होतं. तिकडे जुना साहेब माणसाबद्दल वाईट सहसा बोलतच नाही. फारच नालायक असेल तर गप्प बसतो. त्यामुळे साहेबानेच तोंड उघडून चुका करते, हट्टी आहे असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, हा कमीच सांगतोय. आणि परत घेणार नाही म्हटलं की विषय संपला. त्या एका उत्तरावर माणूस घेतात किंवा सोडतात. उद्या दुपारी ते निर्णय घेणार. दुसरा एक उमेदवार आहेच, तिथलाच, तिथल्या अनुभवाचा. कामिनीने परतीच्या तिकिटाची चौकशीसुद्धा केली होती.

आधी रतिलालभाऊंना रागच आला. "मंग काय तोंड भरीसन गुन गाऊ का?" ते उसळून म्हणाले. "आपलीच पोर नि आपनच तिले चांगली म्हनो? लाज वाटाले पाहिजे! लगीनमा असं कोनी बोलस का?"

"तठे लगीन नही शे," शांतीबाई म्हणाल्या. "नोकरी शे."

एवढ्या एका वाक्याने रतिलालभाऊ खाली बसले. कमलबाई उठून गेल्या तरी ते तिथेच, ओट्यावर, खांबाला टेकून. शांतीबाईंना त्यांची दया आली आणि रागही आला. आयुष्यभर या माणसाने जे चांगलं ते पोटात ठेवलं, आणि आज त्यापायी एका बिनबापाच्या पोरीचं ताट ओढलं गेलं.

आणि पोर कशी होती ते त्या दोघांपेक्षा कुणाला जास्त ठाऊक?

कामिनी कारखान्यात असतानाची, ऐन हंगामातली दुपार होती ती. बॉयलरला एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. दुसरी काच बदलायला काढलेली, धोक्याचा भोंगा नादुरुस्त, म्हणून सगळी भिस्त त्या एकाच काचेवर. कामिनी फेरी मारताना तिथे थांबली. काचेत पाणी अर्ध्यावर, म्हणजे सगळं ठीक. फायरमन म्हणाला, मॅडम, पाणी भरपूर आहे. पण ती हलेना. चालत्या बॉयलरचं पाणी काचेत सारखं थरथरत असतं, आणि हे पाणी मेल्यासारखं पडून होतं. तिने काचेखालची तोटी उघडून नळी साफ केली. नळीत कचरा अडकला होता. तो निघाला आणि खरं पाणी दिसलं, पार तळाशी. फायरमन घाबरून पाणी सोडायला धावला, तर तिने त्याचा हात धरला. पाणी उतरून तापलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी म्हणजे स्फोट, म्हणजे मरण. आधी आग बंद, पंखे बंद. तिने सगळं बंद केलं. वाफ गेली, मिल थांबली, कारखान्याची वीज गेली, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. वरून फोनवर फोन, कुणाला विचारून बंद केलं म्हणून. कामिनी नुसती म्हणाली, "मी केलं." रतिलालभाऊ पळत आले, त्यांनी काच पाहिली, मग खाली पाहिलं. खाली बॉयलरच्या तोंडाशी दहाबारा माणसं काम करत होती.

तेव्हा ते काय म्हणाले? 'ठीक शे.' वर ऑफिसात जाऊन म्हणाले, पोरगी जरा हट्टी आहे. पण शिफ्ट सुटल्यावर तिला बळेच घरी घेऊन आले आणि शांतीबाईंना म्हणाले, हिची दृष्ट काढ. शांतीबाईंनी मीठ आणि मिरच्या तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. आपल्या नंदुरबारच्या मिरच्या त्या, एरवी एक पडली तरी घरभर ठसका. त्या दिवशी मूठभर जळल्या आणि कुणाला साधी शिंक आली नाही. "लई मोठी नजर व्हती," शांतीबाई म्हणाल्या. रतिलालभाऊंचं सगळं कौतुक त्या चुलीत जळून गेलं. पोरीच्या कानावर त्यातलं काहीच पडलं नाही.

"फोन लावस," रतिलालभाऊ ओट्यावरून एकदम म्हणाले. पण तिकडचं ऑफिस बंद झालेलं. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिकडे दुपार उलटलेली असते, आणि उद्या दुपारी तर निर्णय. म्हणजे हातात वेळ होता तो पहाटेचा.

उजाडायच्या आत ते गच्चीवर होते. कालचा नंबर लावला तर एक बाई मराठीत सांगू लागली, ही सुविधा आपल्या क्रमांकावर उपलब्ध नाही. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. परदेशातून फोन येतो पण इथून लागायला वेगळं रिचार्ज मारावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. रिचार्जचं दुकान उघडायला अजून अवकाश. रतिलालभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी शांतीबाईंनीच सुरतेला भूमिकाला झोपेतून उठवलं. लेकीने विचारलं, कशासाठी? "तुन्हा बापले कोनंतरी कौतुक करनं शे," शांतीबाई म्हणाल्या. पुढच्या मिनिटाला भूमिकाचं रिचार्ज आलं.

फोन लागला. मशीन बोलू लागलं, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. रतिलालभाऊंनी एक दाबला तर भलतीकडे गेला. पुन्हा लावला, आणि या वेळी काहीच दाबलं नाही तेव्हा एक माणूस बोलला. हेलन मीटिंगमध्ये आहेत, निरोप ठेवा.

"मी थांबतो," रतिलालभाऊ म्हणाले. "भारतातून बोलतोय. ती मीटिंग कामिनीबद्दलच असेल, तर मी आत्ताच बोललं पाहिजे."

मग बासरीसारखं काहीतरी वाजू लागलं. ते वाजत राहिलं. शांतीबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. खाली रस्त्यावर दुधाची गाडी येऊन गेली. रतिलालभाऊंच्या कानाला फोन गरम लागू लागला, तरी त्यांनी कान बदलला नाही, न जाणो तेवढ्यात बाई बोलतील.

"हेलन बोलतेय," आवाज आला. गोड नव्हता, घाईत होता. "माझ्याकडे फार वेळ नाही."

"मॅडम, काल मी चुकीचं बोललो," रतिलालभाऊ म्हणाले. "खोटं नाही, चुकीचं. आमच्याकडे मुलीला सासरी पाठवताना तिचं कौतुक करत नाहीत. तिला नजर लागू नये म्हणून कमी करून सांगतात, आणि समोरच्याला ते कळतं. तुम्हाला कसं कळणार? तुम्ही नोकरीचं विचारलंत आणि मी लग्नाचं उत्तर दिलं."

पलीकडे पुन्हा कीबोर्ड वाजू लागला. त्यांना वाटलं, संपलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि काचेची गोष्ट सांगितली. पाणी कसं मेल्यासारखं पडून होतं, तिने फायरमनचा हात कसा धरला, वरून फोन येत असताना 'मी केलं' असं ती कशी म्हणाली. "मॅडम, मी जन्मभर बॉयलरवर काम केलं," ते म्हणाले. "त्या काचेसमोरून त्या दिवशी मीही गेलो होतो. मला पाणी दिसलं. तिला ते हलत नाही हे दिसलं. इतकी चांगली इंजिनिअर माझ्या हाताखाली दुसरी झाली नाही. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय. तिलासुद्धा कधी बोललो नाही."

शांतीबाईंना इंग्रजी येत नाही. पण नवऱ्याच्या तोंडून काय चाललंय ते त्यांना अक्षर न् अक्षर कळत होतं.

"तुमचा तो शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा," रतिलालभाऊ म्हणाले.

हेलनबाईंनी विचारलं, "तुम्ही तिला पुन्हा कामावर घ्याल का?"

आता नुसतं हो म्हणायचं होतं. पण ते ओठांवर येईना. दिल्या घरून लेकीला परत बोलवायचं, तेही आपल्या तोंडाने, भल्या पहाटे? असं बोललं आणि खरंच झालं तर? त्यांनी शांतीबाईंकडे पाहिलं. शांतीबाईंनी मूठ उघडून दाखवली. तिच्यात मीठ होतं आणि लाल मिरच्या. बोला तुम्ही, नजर मी बघते, असं त्यांनी मानेनेच सांगितलं.

"हो," रतिलालभाऊ म्हणाले. "आज. आत्ता. ती दारात उभी राहिली तर या मिनिटाला घेईन."

आणि फोन तुटला. रिचार्ज संपलं की नेटवर्क गेलं की बाईंनीच ठेवला, काही कळायला मार्ग नव्हता. शेवटचं ऐकू गेलं की नाही, तेही नाही. रतिलालभाऊ हातातल्या फोनकडे बघत बसले. शांतीबाईंनी खाली जाऊन मिरच्या चुलीत टाकल्या आणि वर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मन्ही बी चौकशी कराले कोनी परदेशमाईन फोन करी का हो?" त्यांनी विचारलं.

रतिलालभाऊंनी मान वर केली नाही. कारण हे थट्टेने विचारलेलं नाही, एवढं त्यांना कळलं. मग म्हणाले, "कोनी करी नही. पन कोनी करा तं माले टाइम लागी सांगाले." शांतीबाईंनी पदराने नाक पुसलं. खालून मिरच्यांचा ठसका येतोय म्हणून पुसलं, असं आपण धरून चालू.

त्या दिवशी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कमलबाई अंगणवाडीत जाताना ओट्याकडे बघायच्या, रतिलालभाऊ मान हलवायचे. त्यांनी केळीत जाणं सोडलं, कारण केळीत नेटवर्क नसतं. जेवताना फोन ताटाशेजारी. कामिनीला स्वतःहून विचारायची त्यांची छाती होईना. एकदा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. आपण दुसऱ्यांदा बोलून होतं नव्हतं ते घालवलं की काय, या विचाराने ते आतून कुरतडले जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात खाट टाकून पडले असताना फोन वाजला. कामिनीचा व्हिडिओ कॉल. रतिलालभाऊ असे उठले की खाटच उलटली असती. पडद्यावर आधी नुसतं पांढरं छत दिसलं, मग एक पिवळं हेल्मेट, आणि हेल्मेटखाली कामिनी. मागे जाड जाड पाइप. पाइप पाहताच रतिलालभाऊंनी ओळखलं, वाफेचे.

"काका, सोमवारपासून लागायचंय. आज सगळं दाखवायला बोलावलं होतं," ती म्हणाली. शांतीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या आणि कमलबाईंना हाक मारायला तशाच बाहेर पळाल्या.

रतिलालभाऊंनी खूप प्रयत्न केला. ओठ हलले, हनुवटी हलली. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "ठीक शे."

कामिनी हसली. मग हेल्मेट काढून तिने डोळे पुसले. "काका, त्या दिवशी तुम्ही बोललात ते हेलनने मला वाचून दाखवलं. तिने सगळं लिहून घेतलं होतं." तिने हेल्मेट काखेत धरलं. "ती म्हणाली, तुझे साहेब तुला आजही परत घ्यायला तयार आहेत. खरंच घ्याल, काका?"

रतिलालभाऊंनी पडद्यावरच्या त्या पोरीकडे डोळे भरून पाहून घेतलं. मागचे पाइप, त्यावरचे व्हॉल्व्ह, कोपऱ्यातली बॉयलरची काच. काचेतलं पाणी बारीक थरथरत होतं.

"खोटं बोलनू व्हतू, माय," ते म्हणाले. "आते परत येवानं नाव काढू नको."

आणि या वेळी कामिनीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.